मधुमेहात खाण्यावरचा ताबा सुटतो तेव्हा: रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच घरात एक यादी तयार होते. साखर बंद, भात चमचाभर, बटाटा नाही, आंबा नाही, मैदा नाही. ही यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. तरीही रात्री साडेअकराला, घरातले झोपल्यावर, दिवा न लावता फरसाणाचा डबा उघडला जातो. जेवण झालेलं असतं, पोट भरलेलं असतं, चार घासांनंतर चवही कळेनाशी होते, पण हात डब्यातून निघत नाही. सकाळी उपाशीपोटीची साखर २१० दिसते. मग शिक्षा म्हणून नाश्ता चुकवला जातो, आणि रात्री पुन्हा तेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या ज्यांच्या घरी असा डबा रात्री उघडतो, ते दवाखान्यात त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "पथ्य पाळता ना?" असं डॉक्टर विचारतात, "हो, पाळतो" असं उत्तर मिळतं आणि गोळीचा डोस वाढतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे चक्र फिरत राहतं ते कडक बंदी आणि लाज या दोन गोष्टींमुळे. "जिभेवर ताबा ठेवा" या सल्ल्याने दोन्ही वाढतात. म्हणून इथे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम नेहमीच्या पथ्याच्या उलट आहे: आधी शरीराची कारणं तपासायची, मग वेळेवर पोटभर जेवायचं, मग तलफ आणि मन हाताळायचं. गोड-तळलेलं कमी करणं त्याच्या जोडीने येतं. एक अट मात्र सुरुवातीलाच. इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या किंवा मनाची औषधं यांतलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही की बदलायचं नाही. जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदललं की औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो, त्यामुळे सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.

पायरी १: नेमकं काय होतंय ते ओळखा

खाण्याचं व्यसन हे आज अधिकृत निदान नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ मध्ये आली. तिच्यात बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून थोड्या वेळात भरमसाठ खाण्याचा विकार, स्वतंत्रपणे नोंदवला आहे. खाण्याचं व्यसन नाही. संशोधकांमध्ये यावर अजून वाद चालू आहे. पण त्रास खरा आहे आणि तो मोजण्याचं साधनही आहे. येल विद्यापीठात अ‍ॅश्ली गिअरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. दारू किंवा तंबाखूच्या व्यसनाची जी लक्षणं धरतात, तीच त्यांनी खाण्याच्या बाबतीत विचारली. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ३५ प्रश्न आहेत, आणि नंतर १३ प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली.

या प्रश्नांचा रोख साधारण असा असतो. ठरवलं त्यापेक्षा कितीतरी जास्त खाल्लं जातं का? काही पदार्थ कमी करायचा प्रयत्न वारंवार फसतो का? साखर वाढते, पाय जळजळतात, डॉक्टरांनी बजावलंय, हे सगळं माहीत असूनही तेच खाल्लं जातं का? पूर्वी दोन बिस्किटांनी भागायचं, आता पुडा संपतो का? ते मिळालं नाही तर चिडचिड, अस्वस्थपणा, डोकेदुखी होते का? आणि या सगळ्यामुळे कामावर किंवा घरात अडचण येते का? गेल्या वर्षभरातली खरी उत्तरं कागदावर लिहा. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांशी बोलायला भक्कम आधार मिळतो.

बिंज इटिंगची खूण थोडी वेगळी आहे. आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने, एका बैठकीत इतर कुणी खाणार नाही इतकं खाणं आणि त्या वेळी "आता थांबताच येणार नाही" असं वाटणं. त्यासोबत भराभर गिळणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं आणि नंतर स्वतःचा तिटकारा येणं यांतल्या निदान तीन गोष्टी. हे तुम्हाला लागू पडत असेल तर फक्त आहारतक्ता घेऊन भागणार नाही, मानसोपचाराची मदत लागेल. काही जणांचा ताबा दिवसा शाबूत असतो आणि रात्रीच सुटतो: दिवसभराच्या खाण्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जेवणानंतर खाल्ला जातो, किंवा मध्यरात्री उठून खाल्ल्याशिवाय झोपच लागत नाही. तेही डॉक्टरांना वेगळं सांगा.

खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, वजन कमी व्हावं म्हणून इन्सुलिन चुकवणं यांपैकी काहीही होत असेल तर पुढच्या पायऱ्यांवर वेळ न घालवता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

पायरी २: शरीराची कारणं आधी बाजूला करा

ज्याला आपण हावरटपणा समजतो त्यातला काही भाग निव्वळ रक्तातल्या साखरेचा खेळ असतो. या पायरीत घाई करू नका, कारण इथे एक साधी दुरुस्ती झाली की अर्धं ओझं उतरलेली माणसं असतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर कधी कधी जास्तच खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि मिळेल ते तोंडात कोंबावंसं वाटतं. ही शरीराची बचावाची हाक आहे, तिला नाव ठेवू नका. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे साधारण तीन चहाचे चमचे पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. साखर वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काही खा. मिठाईचा डबा जवळ घेऊन बसू नका. मिठाईतल्या तुपामुळे साखर वर यायला उशीर लागतो आणि तोवर खाणं चालूच राहतं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर पचत नाही, म्हणून उशाशी ग्लुकोजच ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. आठवड्यात एकदासुद्धा साखर ७० च्या खाली गेली असेल तर डोस बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. रोज संध्याकाळी पाचला "खा-खा" सुटत असेल तर त्याच वेळची साखर चार-पाच दिवस तपासून पाहा.

उलट बाजूही आहे. साखर सतत फार वर असेल तर रक्तात साखर असूनही ती पेशींना नीट वापरता येत नाही आणि भूक लागतच राहते. अशा माणसाला "कमी खा" सांगून उपयोग नसतो; उपचार नीट बसले की ही भूक कमी होते.

मग औषधांची यादी पाहा. पायांच्या जळजळीसाठी दिलेल्या प्रीगॅबालिनने, मानसोपचारातल्या ओलान्झापाइन आणि मिर्टाझापाइनने, तसंच स्टेरॉइडने भूक आणि वजन वाढू शकतं. पर्याय असतात, पण ते डॉक्टरच ठरवतील. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसांत तर ती शक्यता आणखी वाढते. बी-१२ कमी असलं की थकवा येतो, मन उदास राहतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि थकलेला माणूस चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. म्हणून बी-१२ आणि थायरॉइड या दोन तपासण्या मागून घ्या. झोपेत घोरणं आणि श्वास अडखळणं असेल तर तेही सांगा. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्याकडेच मन धावतं.

पायरी ३: एक आठवडा वही ठेवा, काहीही न बदलता

या आठवड्यात पथ्य सुधारायचं नाही. फक्त लिहायचं. शंभर पानी साधी वही पुरते, आणि तिच्यात कॅलरी मोजायच्या नाहीत. एक पान असं दिसेल:

मंगळवार. सकाळी ९, चहा दोन कप, मारी बिस्किटं ४. नाश्ता नाही, ट्रेन पकडायची होती. दुपारी २.३०, डब्यातली पोळी-भाजी, अर्धी पोळी परत आणली. संध्याकाळी ६, साहेबांनी सगळ्यांसमोर बोललं. स्टेशनबाहेर वडापाव २. घरी सांगितलं नाही. रात्री ९, जेवण नेहमीसारखं. रात्री ११.४५, शेव आणि दोन पेढे, उभ्यानेच. आधी काय वाटत होतं: भूक नव्हती, राग होता. नंतर: लाज. सकाळची साखर १९६.

अशी सात पानं समोर ठेवली की दोन गोष्टी बहुतेक वेळा उठून दिसतात. दिवसाचा पूर्वार्ध जवळजवळ उपाशी गेलेला असतो आणि रात्रीच्या खाण्याआधी एखादी भावना ठसठसत असते. कुणाचा राग असतो, कुणाचा एकटेपणा, कुणाला मुलीच्या लग्नाची काळजी, कुणाला निवृत्तीनंतरची रिकामी संध्याकाळ. "उभ्यानेच", "सांगितलं नाही" असे शब्द वहीत आले तर त्यांच्याखाली रेघ मारा. समुपदेशकाला या दोन शब्दांतून जे कळेल ते रक्ताच्या अहवालातून कळणार नाही.

वही घरातल्या कुणी वाचायची नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पायरी ४: वेळेवर आणि पोटभर जेवा

सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. ताबा सुटून खाण्यावरच्या वर्तनोपचारात पहिलं काम हेच असतं: दिवसातून तीन जेवणं आणि दोन छोटी खाणी, दोन खाण्यांत तीन ते चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. दिवसभर उपाशी राहिलेला मेंदू रात्री तर्काने वागत नाही, तो भरपाई करतो. आपल्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण उगाच रुजलेली नाही.

सोयीचा एक दिवस असा बसवता येतो. सकाळी आठपर्यंत मुगाची किंवा बेसनाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. अकराला ताक आणि मूठभर फुटाणे. दीडच्या आत जेवण: आधी वाटीभर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग उसळ आणि भाजी, आणि भाकरी किंवा पोळी शेवटी त्यांच्या जोडीला. साडेचार-पाचला बिनसाखरेचा चहा आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा भाजलेले शेंगदाणे. रात्री आठला पुन्हा दुपारसारखंच जेवण, भात खायचा असेल तर तो वाटीने मोजून आणि आमटी-भाजी भातापेक्षा जास्त. प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, आहारतज्ज्ञ ते ठरवून देतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी, अंडी, दूध किती घ्यायचं हे विचारल्याशिवाय वाढवू नका.

जेवणाचा क्रम म्हणजे केवळ रीतभात नाही. भाजी आणि प्रथिनं आधी आणि भात-पोळी शेवटी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. साखर कमी चढली की दोन तासांनी येणारी मरगळ आणि पुन्हा काहीतरी तोंडात टाकण्याची ओढही आटोक्यात राहते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर तोच फायदा आणखी होतो. सोसायटीच्या आवारातल्या चकरा पुरेशा आहेत.

उपवासाबद्दल मला जरा ठासून सांगायचंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळभर उपाशी राहून दुपारी ताटभर खिचडी खाल्ली की साखर एकदम वर जाते, आणि रात्री "उपास सुटला" म्हणून पुन्हा ताबा जातो. श्रद्धा सोडा असं कुणी म्हणत नाही. राजगिरा, दही, शेंगदाणे, काकडी, थोडी भगर असा फराळ वेळेवर घेता येतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असताना लांब उपवास किंवा पिष्ट एकदम बंद करणं धोक्याचं आहे. त्यात रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो, आणि कधी कधी साखर फारशी वाढलेली नसतानाही. इन्सुलिनवर असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये.

दोन आठवडे एवढंच करा. गोड सोडण्याचा संकल्प या दोन आठवड्यांत करू नका. जेवण नियमित झालं की रात्रीच्या तलफेचा जोर बऱ्याच जणांचा आपोआप ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही त्यांना पुढच्या पायऱ्या जास्त लागतील, एवढंच.

पायरी ५: तलफ आली त्या क्षणी

तलफ वाढते, टोकाला जाते आणि उतरते, ती कायम चढती राहत नाही. बहुधा वीस-तीस मिनिटांत तिचा भर ओसरतो. व्यसनमुक्तीच्या उपचारात अ‍ॅलन मार्लट यांनी ही पद्धत रुजवली: तलफेशी झगडायचं नाही, ती लाटेसारखी येते आणि जाते हे पाहत राहायचं.

करायचं असं. पहिलं काम ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तर वर सांगितलेलं ग्लुकोज. साखर ठीक असेल तर स्वतःला विचारा: आत्ता समोर गरम वरण-भात आला तर खाईन का? उत्तर "हो" असेल तर ही भूक आहे, बसून नीट खा. "नाही, मला शेवच हवी" असं उत्तर आलं तर मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि स्वयंपाकघराबाहेर पडा. गॅलरीत उभे राहा, भावाला फोन करा, अंघोळ करा, उद्याचे कपडे इस्त्री करा. हात गुंतलेले असले की वेळ सोपा जातो. छातीत किंवा जबड्यात ताण कुठे जाणवतोय ते पाहा आणि सावकाश श्वास सोडा. गजर झाल्यावरही खावंसं वाटलं तर खा, पण ताटलीत काढून, दिवा लावून, बसून. पुडा तोंडाला लावून नाही. हीसुद्धा प्रगती आहे, ती वहीत लिहा.

पायरी ६: घरातले पदार्थ

सगळेच पदार्थ सारखे ओढ लावत नाहीत. तिढा असतो तो साखर किंवा मैदा, तेल-तूप आणि मीठ एकत्र आलेल्या, भराभर खाता येणाऱ्या पदार्थांचा. फार कमी लोक केळ्यांवर ताबा सुटला म्हणून तक्रार करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दाखल करून घेतलं आणि दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्ही हवं तितकं खायची मुभा ठेवून. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षात अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्यांचा स्वभाव दोन आठवड्यांत बदलला नव्हता, ताटातलं अन्न बदललं होतं.

तुमच्या वहीतून असे दोन-तीनच पदार्थ निवडा. ते घरात साठवायचे नाहीत, एवढाच नियम. खारी, टोस्ट, फरसाण, क्रीमची बिस्किटं किलोने आणणं बंद. पाहुण्यांसाठी लागलं तर शंभर ग्रॅमचं पुडकं त्याच दिवशी आणायचं. "डायबेटिक" किंवा "शुगर-फ्री" लिहिलेल्या बिस्किटांवरही विसंबू नका. साखर नसली तरी मैदा आणि तेल असतंच, आणि "हे चालतं" म्हणून पुडा संपतो.

पूर्ण वर्ज्य करावं की मापात खावं? दारूचं व्यसन सोडणारा माणूस दारू कायमची बंद करू शकतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत तेच शिकवतात. जेवण मात्र कुणालाच बंद करता येत नाही. माझ्या मते बिंज इटिंगची लक्षणं असतील तर कुठलाही पदार्थ "आयुष्यभर बंद" जाहीर करू नये, कारण बंदीच ओढ वाढवते. ज्याला पहिल्या घासानंतर थांबताच येत नाही अशा एखाद-दुसऱ्या पदार्थाला काही महिने दूर ठेवणं ठीक आहे. पुरणपोळी खायचीच असेल तर सणाच्या दिवशी, जेवणाच्या ताटात, सगळ्यांसोबत, उघडपणे एक. चोरून खाल्लेल्या अर्ध्या पोळीपेक्षा ती मला जास्त सुरक्षित वाटते.

पायरी ७: मनावर उपचार

मधुमेह असणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्याहून जास्त दिसतो तो मधुमेहाचा स्वतःचा ताण. रोज बोट टोचायचं, प्रत्येक घासाचा हिशेब, डोळे आणि मूत्रपिंडाची भीती, घरच्यांची नजर. या ताणाचे चार भाग मोजणारी १७ प्रश्नांची प्रश्नावली विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली: भावनिक ओझं, डॉक्टरांबद्दलची नाराजी, पथ्य-औषधांचा ताण आणि जवळच्या माणसांशी ताणलेले संबंध. स्वतःसाठी दोनच प्रश्न पुरतात. मधुमेह सांभाळण्याच्या कामाने मी पार दबून गेलोय का? आणि, पथ्यपाण्यात मी सतत नापासच होतोय असं वाटतं का? उत्तर "बहुतेक वेळा" असेल तर हा ताण उपचाराचा विषय आहे.

नैराश्य त्याहून व्यापक असतं. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न, आवडीच्या गोष्टींत रस नाही, झोप बिघडलेली, स्वतःबद्दल वाईट विचार. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. दहा किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल तर गुण मोजत बसू नका. टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात जा.

कुणाकडे जायचं? औषधाची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, विचार आणि सवयींवर काम मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक करून घेतात. "ताबा सुटून खाण्यावर वर्तनोपचार करता का?" असं आधीच विचारा. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली कमी खर्चात उपचार मिळतात. ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस या १९६० साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्वमदत गटाच्या ऑनलाइन सभाही असतात. कुणाला तिथे आधार मिळतो, कुणाला त्यांचे कडक नियम झेपत नाहीत.

मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगताना गोल गोल बोलू नका. कागदावर लिहून न्या: "आठवड्यातून तीन-चार रात्री माझा खाण्यावरचा ताबा सुटतो. नंतर खूप अपराधी वाटतं. ही वही आणि ही त्या दिवसांची साखर." हे वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि उपचाराची दिशा बदलू शकते. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडसारख्या इंजेक्शनांनी डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार कमी झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात. ती महाग आहेत, मळमळ-उलटी होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांना सहसा देत नाहीत, आणि बंद केली की भूक बहुधा परत येते. डॉक्टरांशी चर्चेचा हा विषय आहे, औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याचा मुळीच नाही.

घरच्यांसाठी

"अहो, तुम्हाला हे चालतं का?" हे वाक्य चारचौघांत बोलू नका. त्याने घास थांबत नाही, तो फक्त लपून खाल्ला जातो. डबे लपवणं, पुडे मोजणं, ग्लुकोमीटरची मेमरी चोरून पाहणं यानेही तेच होतं. आणि दुसऱ्या टोकाला आपला आग्रह: "एका जिलेबीने काय होतंय, आज एक गोळी जास्त घ्या." हे वाक्य धोकादायक आहे, कारण गोळ्यांचा असा हिशेब नसतो.

त्यापेक्षा घरातलं जेवण सगळ्यांचं एकच ठेवा. एकाच्या ताटात कारल्याची भाजी आणि बाकीच्यांच्या ताटात पावभाजी, असं रोज घडलं तर रात्रीचा डबा उघडणारच. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ अवघड जात असेल तर सोबत चालायला जा. आणि दिवसातून एकदा, साखरेचा आकडा न विचारता, "आज कसा गेला दिवस?" एवढं विचारा.

घसरलात तर

घसरण होणार, विशेषतः दिवाळीत आणि लग्नसराईत. त्या रात्री उलटी काढायची नाही, मनाने जादा इन्सुलिन घ्यायचं नाही, उद्यापासून लंघन असा संकल्प करायचा नाही. पाणी प्या, जमलं तर थोडं चाला, झोपा. सकाळी साखर तपासा. ती २५० च्या वर असेल आणि खूप तहान, उलट्या किंवा गुंगी असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. नसेल तर आठ वाजता नेहमीचा नाश्ता करा, भूक नसली तरी. मग वहीत तीन ओळी लिहा: काल जेवणात किती तासांचं अंतर पडलं होतं, आधी काय घडलं होतं, आणि कुणाशी बोलता आलं असतं. सलग दोन आठवडे घसरण होत राहिली तर समुपदेशकाची पुढची भेट अलीकडे घ्या. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आहे. ती ठरल्या तारखेलाच करा, त्या एका रात्रीच्या भीतीने पुढे ढकलू नका.